शालेय नोंदींचे सॉफ्टवेअर : पासवर्ड व वैयक्तिक सेटिंग यांची योजना

शाळेचे जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपबंद का ठेवावे लागते, हे कोणाही शिक्षकास समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातील एका ओळीत मुलाचे नाव, जन्मतारीख, जात आणि पूर्वीची शाळा यांची नोंद असते, आणि तीच ओळ पुढे दाखल्याच्या रूपाने त्याच्यासोबत जन्मभर जाते. तीत दुरुस्ती करावी लागलीच, तर ती कोणी, केव्हा व कोणाच्या आदेशाने केली हे पाहणारास दिसले पाहिजे. म्हणून चुकीचा मजकूर खरवडून न काढता त्यावर एक रेघ मारावी, शेजारी योग्य मजकूर लिहावा आणि सही करावी, अशी दप्तराची जुनी रीत आहे. कागदावर ही शिस्त आपोआपच राखली जाते. कारण शाई खरवडली तर कागदच साक्ष देतो. संगणकाच्या फायलीत मात्र ५ चा ६ झाला, तर मागे कसलाही डाग उरत नाही.

अलीकडे अनेक तंत्रस्नेही शिक्षकांनी आपापल्या शाळेपुरती छोटी सॉफ्टवेअरे तयार केली आहेत. हजेरी, आकारिक व संकलित मूल्यमापनाचे गुण, वर्णनात्मक नोंदी, निकालपत्रक अशी कामे त्यांवर होतात. आरंभी असे सॉफ्टवेअर करणाराच ते वापरतो. पुढे सहकारी वापरू लागतात. संगणक तर बहुधा एकच असतो. आणि मग कोणीतरी सुचवतो की, यास पासवर्ड टाकावा. मागणी अगदी साधी वाटते. सुरुवातीस एक चौकट दाखवावी, तीत शब्द विचारावा, जुळला तर आत सोडावे. ही चौकट तासाभरात तयार होते, यात शंका नाही. परंतु तिच्यामागे काय आहे याचा विचार झालेला नसेल, तर तिने मिळणारे संरक्षण दाराला लावलेल्या पाटीइतकेच असते.

खरा शब्द कोठे ठेवावयाचा ?

टंकलेला शब्द बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठी बरोबर शब्द सॉफ्टवेअरजवळ असावा लागतो, असे प्रथमदर्शनी वाटते. म्हणून नवशिका मनुष्य तो प्रोग्रामच्या मजकुरातच लिहून ठेवतो किंवा शिक्षकांच्या नावांच्या तक्त्यात शेजारच्या रकान्यात भरतो. हीच चूक संगणकाच्या इतिहासात अगदी पहिल्यांदा झाली आणि तिची फळेही तेव्हाच दिसून आली.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची यंत्रणा उभी राहिली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकास पासवर्ड देण्यात आला. हे सर्व पासवर्ड एका फायलीत, जसेच्या तसे, लिहिलेले होते. १९६२ मध्ये तेथील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याला मिळणारे ४ तास पुरेनात. त्याने छिद्रपत्राद्वारे त्या फायलीची छापील प्रत मागितली, यंत्राने ती निमूटपणे छापून दिली, आणि इतरांच्या नावावरचे तास त्याच्या हाती आले. पुढे त्याच दशकात याहून विलक्षण घटना घडली. एक व्यवस्थापक पासवर्डांची फाइल दुरुस्त करीत होता आणि दुसरा त्याच वेळी, त्याच ठिकाणी, सर्वांस दाखवावयाची दैनंदिन सूचना लिहीत होता. संपादनाचा प्रोग्राम दोघांच्याही कच्च्या प्रतीस एकच नाव देत असे. त्या अदलाबदलीत सूचनेच्या जागी पासवर्डांची संपूर्ण यादी गेली, आणि जो जो संगणकावर आला त्याच्यापुढे ती छापली गेली.

या दोन घटनांतील फरक शिक्षकाने ध्यानात घ्यावा. पहिलीत कोणाचा तरी हेतू होता. दुसरीत कोणाचाच नव्हता. जी वस्तू एखाद्या ठिकाणी लिहून ठेवली आहे ती कधी ना कधी बाहेर पडू शकते, मग ती पेनड्राइव्हवरून जाईल, दुरुस्तीस दिलेल्या संगणकातून जाईल किंवा निव्वळ गफलतीने जाईल. यावर उपाय एकच : खरा पासवर्ड कोठेही लिहूनच ठेवू नये.

मग तो ओळखावा कसा ? ही युक्ती केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकात योजली. शब्दाऐवजी त्याचा ठसा ठेवावयाचा. या ठशास सॉफ्टवेअरच्या भाषेत हॅश म्हणतात. शब्दावरून ठसा काढणे सोपे, परंतु ठशावरून शब्द काढणे जवळजवळ अशक्य, असा हा एकेरी रस्ता असतो. अंकगणितातील एका लहानशा उदाहरणाने तो समजेल. एखाद्या दोन अंकी संख्येचा वर्ग करावा आणि त्यातील मधले दोन अंक तेवढे लिहून ठेवावेत. ३५ चा वर्ग १२२५. मधले अंक २२. ६५ चा वर्ग ४२२५, येथेही २२. केवळ २२ पाहून मूळ संख्या ३५ होती की ६५, हे सांगता येणार नाही. शिक्षक आला, त्याने शब्द टंकला, की सॉफ्टवेअरने त्या शब्दाचा ठसा नव्याने काढावा आणि जतन केलेल्या ठशाशी ताडून पाहावा. मूळ शब्द सॉफ्टवेअरलाही ठाऊक नसतो.

वरील उदाहरणात दोन संख्यांचा ठसा एकच आला, हा त्या पद्धतीचा उणेपणा होय. प्रत्यक्षात वापरतात त्या पद्धतींत ठसा इतका मोठा असतो की असा योगायोग शोधूनही सापडू नये. शा-२५६ या प्रचलित पद्धतीत ठशाची संख्या ७८ अंकांपर्यंत जाते. उलट, एक्सेलच्या जुन्या फायलींत 'प्रोटेक्ट शीट'ला दिलेल्या पासवर्डचा ठसा अवघ्या १६ बिटांचा असे. म्हणजे निरनिराळे ठसे फार तर ६५,५३६. त्यामुळे मूळ शब्द माहीत नसतानाही भलताच कोणता तरी शब्द जुळून शीट उघडत असे. निकालपत्रकाची शीट 'प्रोटेक्ट' करून निश्चिंत झालेल्या शिक्षकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. ती सोय सूत्रे चुकून पुसली जाऊ नयेत यासाठी आहे. गुप्ततेसाठी ती कधीच नव्हती.

एकट्या ठशानेही काम भागत नाही. ज्याच्या हाती ठशांची यादी लागली, तो ठशावरून मागे येत नाही. तो शब्दकोशातील एकेक शब्द घेऊन त्याचा ठसा काढतो आणि यादीत शोधतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये आपल्या निबंधात दाखवून दिले की, गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी सुमारे ८६ टक्के फार आखूड, निव्वळ लहान अक्षरांचे किंवा शब्दकोशात व नावांच्या यादीत सापडणारे होते. माणसाचा हा स्वभाव पुढेही पालटला नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडील ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड बाहेर पडले, तेही जसेच्या तसे ठेवलेले. त्यांत सर्वाधिक आढळलेला पासवर्ड एक ते सहा हे आकडे ओळीने लिहून झालेला होता.

मॉरिस व थॉम्प्सन यांनी सांगितलेले दोन उपाय आजही पायाभूत आहेत. पहिला, प्रत्येक पासवर्डात ठसा काढण्यापूर्वी यदृच्छेने निवडलेला एक तुकडा मिसळावा. यास सॉल्ट, म्हणजे मीठ, असे चपखल नाव आहे. दोन शिक्षकांनी योगायोगाने एकच पासवर्ड घेतला तरी प्रत्येकाचे मीठ निराळे असल्याने ठसे निराळे उमटतात आणि आधीच तयार करून ठेवलेल्या ठशांच्या याद्या निरुपयोगी होतात. हे मीठ ठशाशेजारी उघड लिहिले तरी चालते. दुसरा उपाय, ठसा काढण्याची क्रिया जाणूनबुजून मंद करावी. ती लक्षावधी वेळा पुनःपुन्हा करावयास लावली, तर खऱ्या शिक्षकास क्षणभर थांबावे लागेल, पण कोट्यवधी शब्द आजमावून पाहणाऱ्याचे आयुष्य संपेल. पीबीकेडीएफ२ या पद्धतीत शा-२५६ वापरल्यास अशा ६ लाख आवृत्त्या कराव्यात, अशी ओवास्प या संस्थेची शिफारस आहे. बीक्रिप्ट व आर्गॉन२ याही याच कामाच्या पद्धती होत. पायथॉन किंवा डॉटनेटमध्ये सॉफ्टवेअर करणाऱ्यास पीबीकेडीएफ२ तयारच मिळते. स्वतःच्या कल्पनेने नवी पद्धत रचण्याचा मोह मात्र टाळावा. वरचे मधल्या दोन अंकांचे उदाहरण समजण्यापुरते आहे, वापरण्यासाठी नव्हे.

पुढचे दार आणि मागची खिडकी

इतके सर्व करूनही एक मोठे छिद्र राहते, आणि बहुतेक घरगुती सॉफ्टवेअरांत ते राहिलेलेच असते. पासवर्ड विचारते ती चौकट. नोंदी असतात त्या फायलीत. ती फाइल एस्क्यूलाइट किंवा ॲक्सेसची असेल, तर आपले सॉफ्टवेअर न उघडताच दुसऱ्या कोणत्याही साधनाने ती वाचता येते आणि बदलताही येते. दर्शनी दाराला भक्कम कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी, असा हा प्रकार होतो. नोंदींत मुलांचे आजार, दिव्यांगत्व, आईवडिलांचे उत्पन्न यांसारख्या गोष्टी असतील, तर प्रश्न केवळ गुण बदलले जाण्याचा राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीची विशेष काळजी सांगितली आहे, ती उगाच नव्हे.

यासाठी फाइलच कूटबद्ध करावी लागते, म्हणजे किल्लीवाचून तिच्यातील मजकूर अर्थहीन दिसेल असा करावा लागतो. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये फाइल उघडण्यासाठी दिलेला पासवर्ड हे काम खरोखर करतो. एस्क्यूलाइटसाठी एस्क्यूलसायफर हे साधन उपलब्ध आहे. परंतु येथे एक अडचण उभी राहते. शिक्षक चार, फाइल एक. मग फाइल कोणाच्या पासवर्डने बंद करावयाची? एकच पासवर्ड चौघांस वाटला, तर तो कोणाचाच राहत नाही आणि नोंद कोणी केली हे कळण्याचा मार्गही बंद होतो.

याचे उत्तर कोठाराच्या व्यवस्थेसारखे आहे. कोठाराची किल्ली एकच असावी, परंतु तिच्या चार प्रती करून प्रत्येक प्रत एकेका लहान पेटीत ठेवावी आणि प्रत्येक पेटीचे कुलूप निराळे असावे. सॉफ्टवेअरने यदृच्छेने एक लांब किल्ली तयार करून तिने फाइल बंद करावी. ती किल्ली प्रत्येक शिक्षकाच्या पासवर्डने वेगवेगळी गुंडाळून ठेवावी. एखाद्याने पासवर्ड बदलला तर त्याची पेटी तेवढी बदलते. सगळी फाइल नव्याने बंद करावी लागत नाही.

मात्र कूटबद्ध फाइलीचा एक कठोर परिणाम आहे, आणि तो ठाऊक नसल्यास अनर्थ ओढवतो. नुसत्या चौकटीचा पासवर्ड विसरला, तर जाणकार मनुष्य ठसा पुसून नवा पासवर्ड देऊ शकतो. कूटबद्ध फाइलीच्या सर्व किल्ल्या हरवल्या, तर जगातील कोणीही ती उघडू शकत नाही, आणि वर्षभराच्या नोंदी डोळ्यांदेखत असूनही नसल्यासारख्या होतात. सबब एक पाचवी पेटी असावीच. तिचा लांब पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट लाखेने सीलबंद करून, त्यावर मुख्याध्यापकांची सही व तारीख घालून, जनरल रजिस्टरच्याच कपाटात ठेवावा. प्रश्नपत्रिकांची पाकिटे सांभाळण्याची सवय शाळेस असतेच. फाइलीची प्रत दर आठवड्यास दुसरीकडे काढून ठेवणे हे याहून वेगळे काम आहे. पासवर्डने ते भागत नाही.

पासवर्ड कसा असावा याविषयी फार काळ एक गैरसमज चालत आला. मोठे अक्षर, अंक व चिन्ह हवेच आणि ठराविक मुदतीने पासवर्ड बदललाच पाहिजे, हा नियम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्यातील बऱ्याच भागाबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी संस्थेनेही तो आग्रह सोडला. कारण उघड आहे. सक्तीने बदलावयास लावले की मनुष्य शेवटचा १ काढून २ घालतो, आणि चिन्हांनी भरलेला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो. त्यापेक्षा परस्परांशी संबंध नसलेले चारपाच शब्द एकापुढे एक ठेवले, तर ते लांबही होतात आणि लक्षातही राहतात. सॉफ्टवेअरने किमान लांबी तपासावी, अगदी सामान्य पासवर्ड नाकारावेत, आणि बाकी सक्ती करू नये. ओळीने काही वेळा चूक झाल्यास दर खेपेस थोडे अधिक थांबावयास लावावे; कायमचे बंद मात्र करू नये. नाहीतर मधल्या सुटीत एखादा खोडकर विद्यार्थी दहा वेळा काहीबाही टंकून गुरुजींनाच बाहेर ठेवील.

मराठीतून पासवर्ड घेऊ देणाऱ्या सॉफ्टवेअरने आणखी एक दक्षता घ्यावयाची आहे, आणि परभाषेतील पुस्तकांत ती सहसा सांगितलेली नसते. 'शेतकऱ्यास' या शब्दातील ऱ्य हे जोडाक्षर संगणकात एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिले जाते. कोणता कीबोर्ड वापरला त्याप्रमाणे कधी ऱ हे स्वतंत्र अक्षर येते, कधी र खाली नुक्ता येतो, तर कधी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना तिन्ही सारखी; ठसे मात्र तीन निराळे. देवनागरी १ आणि इंग्रजी एक हेही संगणकास दोन भिन्न अक्षरेच वाटतात. म्हणून ठसा काढण्यापूर्वी शब्द युनिकोडच्या प्रमाणरूपात आणावा. त्याने पहिली दोन रूपे एक होतात. तिसऱ्याकरिता वेगळी तपासणी लिहावी लागते. टंकलेला शब्द क्षणभर पाहण्याची सोय आणि सध्या कोणता कीबोर्ड चालू आहे हे सांगणारी खूण चौकटीत असावी. पासवर्ड विसरल्याच्या अनेक तक्रारी वस्तुतः कीबोर्डच्या असतात.

वैयक्तिक सेटिंग

शिक्षक कोण हे एकदा सॉफ्टवेअरला कळू लागले, की त्याच्या सोयीचाही विचार करता येतो. एकास चष्म्यामुळे मोठी अक्षरे हवीत. दुसऱ्यास इनस्क्रिप्ट येतो तर तिसऱ्याचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला. चौथ्याकडे तिसरीचा वर्ग असल्याने तोच आधी उघडावा. हे सर्व ज्याच्या त्याच्या नावावर राहिले पाहिजे. विंडोज प्रत्येक वापरकर्त्यासाठी ॲपडेटा नावाचा वेगळा फोल्डर ठेवते, आणि सेटिंग तेथे ठेवावे असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे, परंतु शाळेतील संगणकावर बहुधा सर्वजण एकाच नावाने विंडोज उघडतात. तेव्हा तो फोल्डरही सर्वांचा एकच ठरतो, आणि सकाळी मोठी केलेली अक्षरे दुपारी दुसऱ्याच्या डोळ्यांवर येतात. अशा ठिकाणी सेटिंग सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फायलीतच, शिक्षकाच्या नावाशी जोडून ठेवणे बरे. प्रत्येकाने मूळ मांडणीपासून जेवढे बदलले तेवढेच लिहावे. बाकीचे मूळचे समजावे. पुढे सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय आली, तरी जुनी नोंद अडत नाही.

शाळेचे नाव, यूडायस क्रमांक, शैक्षणिक वर्ष, श्रेणींच्या मर्यादा या गोष्टी कोणाच्या आवडीच्या नव्हेत. त्या मुख्याध्यापकांनीच बदलाव्यात. कोण मुख्याध्यापक आणि कोण वर्गशिक्षक हे मात्र सेटिंगच्या साध्या फायलीत कदापि ठेवू नये. नोटपॅडमध्ये उघडून एका शब्दाने जेथे वर्गशिक्षकाचा मुख्याध्यापक होतो, तेथे वरची सारी मेहनत वाया गेली. काही वेळ काम थांबले की पडदा आपोआप बंद व्हावा. परंतु त्यापूर्वी अर्धवट भरलेली नोंद जपली जावी. ज्या गावी वीज केव्हाही जाते तेथे ही काळजी अधिकच घ्यावी.

पासवर्डची सोय जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घालताना आधीच्या नोंदींचे काय, हा प्रश्न येतो. त्या कोणी केल्या हे आता कळणार नाही. त्यांवर एखाद्याचे नाव अंदाजाने घालू नये, 'पासवर्डपूर्वीची नोंद' एवढेच लिहावे. त्यानंतरच्या प्रत्येक बदलात तारीख, वेळ, शिक्षकाचे नाव, जुना मजकूर व नवा मजकूर हे पाचही रकाने आपोआप भरले जावेत आणि ते पुसण्याचे बटण कोणासही, मुख्याध्यापकांसही, देऊ नये. रजिस्टरातील रेघ आणि सही हीच.

शिक्षकाची बदली झाली म्हणजे त्याचे खाते काढून टाकण्याची घाई होते. काढून टाकल्यास त्याने केलेल्या नोंदी बिननावाच्या होतात. त्याची किल्लीची पेटी तेवढी नष्ट करावी, खात्यावर 'बंद' अशी खूण व तारीख घालावी, आणि नाव जागच्या जागी राहू द्यावे. येणाऱ्या शिक्षकास मुख्याध्यापकांनी तात्पुरता पासवर्ड द्यावा. पहिल्याच वेळी सॉफ्टवेअरने तो बदलून मागावा, आणि नवा शब्द टंकला जात असता मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहावे.